जावास्क्रिप्ट फाइलमधील डेटा पायथनमध्ये वाचणे

‘.जेएस’ फाइलमध्ये एखाद्या व्हेरिएबलला दिलेली यादी किंवा ऑब्जेक्ट बाहेर काढून पायथनची लिस्ट वा डिक्शनरी बनवण्याचे काम. फाइल दिसते डेटासारखी, पण असतो तो प्रोग्रॅम. सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

अशा फाइली बऱ्याचदा वेबनकाशांपायी तयार होतात. हार्ड डिस्कवरून थेट उघडलेल्या पानाला शेजारची जेसन (डेटा साध्या मजकुरात लिहिण्याची पद्धत) फाइल ब्राउझर सहसा वाचू देत नाही, स्क्रिप्ट मात्र चालवतो. म्हणून गोव्याच्या १२ तालुक्यांचा नकाशा करणारा माणूस ‘व्हार तालुके = [...];’ असे लिहून मोकळा होतो, आणि पुढे त्याच यादीवर पायथनमध्ये हिशेब करायची वेळ येते.

जेसन ही जावास्क्रिप्टच्याच ऑब्जेक्ट-लेखनातून निघालेली पद्धत. डग्लस क्रॉकफर्ड यांनी ती रूढ केली, २०१३ मध्ये ती एक्मा-४०४ या मानकात आली. पायथनला तिचे मॉड्यूल २.६ आवृत्तीपासून (२००८) अंगचेच आहे. त्यामुळे मजकूर काटेकोर जेसन असेल, तर बरोबरच्या चिन्हापर्यंतचा भाग आणि शेवटचा अर्धविराम काढून उरलेला या मॉड्यूलच्या ‘जेसन.लोड्स’ फंक्शनला दिला की झाले.

पण हाताने लिहिलेल्या फाइलीत किमतींची नावे (‘की’) अवतरणाविना असतात, अवतरणे एकेरी असतात, शेवटी जादा स्वल्पविराम असतो, मध्येच टिपा (कॉमेंट) असतात. सगळी एकेरी अवतरणे सरसकट दुहेरी करण्याचा मोह होतो; गोव्यात तो चटकन अंगाशी येतो. रोमी लिपीतल्या डि’सोझा, डि’कॉस्टा या आडनावांतले चिन्हही बदलते आणि ओळ मध्येच तुटते. दुहेरी तिरक्या रेघेपासूनची टीप कापणारा नियम तसाच वेबपत्ते कापून टाकतो. त्यापेक्षा असे सैल लेखन वाचणारी ‘जेसन५’ किंवा ‘चॉम्पजेएस’ ही लायब्ररी बरी. पायथनच्याच साध्या किमती वाचणाऱ्या ‘एएसटी.लिटरल_इव्हॅल’ला जावास्क्रिप्टचे ‘ट्रू’ आणि ‘नल’ कळत नाहीत. मजकूर कोड म्हणून चालवणाऱ्या साध्या ‘इव्हॅल’ला परक्याची फाइल देणे तर धोक्याचेच.

फाइलमध्ये फंक्शने किंवा आकडेमोड असेल, तर ती नोडमध्ये (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) चालवून, ऑब्जेक्टचे जेसन करणाऱ्या ‘जेसन.स्ट्रिंगिफाय’चे उत्तर पायथनने ‘सबप्रोसेस’ या दुसरे प्रोग्रॅम चालवणाऱ्या मॉड्यूलमधून घ्यावे. अर्थात इथेही कोड चालतोच, तेव्हा फाइल विश्वासाची हवी. जेसन बनताना फंक्शने आणि ‘अनडिफाइन्ड’ किमती ऑब्जेक्टमधून गळतात. तारखांचा गोंधळ अधिक छुपा असतो. महिने शून्यापासून मोजले जात असल्याने गोवा मुक्तिदिन (१९ डिसेंबर १९६१) ‘न्यू डेट(१९६१, ११, १९)’ असा लिहावा लागतो. भारतीय वेळेवर चालणाऱ्या संगणकावर त्याचे जेसन निघते १८ डिसेंबर १९६१, १८:३० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ). पायथनमध्ये नुसता तारखेचा भाग उचलला, तर मुक्ती एक दिवस आधीच झालेली दिसते.

नकाशाच्या फाइलीत आणखी एक खाच आहे. जिओजेसनमध्ये (नकाशाच्या डेटासाठीचे जेसन) रेखांश आधी, लीफलेट या वेबनकाशांच्या लायब्ररीच्या बिंदूत अक्षांश आधी. क्रम न तपासता वाचले, तर १५.५ अक्षांश आणि ७३.८ रेखांशावरची पणजी नॉर्वेच्या उत्तरेकडील समुद्रात जाऊन पडते.