सुपर पॅकचा दरवाजा जानेवारीत नाही, मार्चमध्ये उघडला

अमेरिकेतल्या निवडणुकीच्या पैशाचा विषय निघाला की सगळ्यांचं बोट २१ जानेवारी २०१०च्या निकालाकडे जातं. हिलरी क्लिंटन यांच्यावर टीका करणाऱ्या एका चित्रपटावरून सुरू झालेल्या त्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी कंपन्या आणि कामगार संघटनांना स्वतःच्या तिजोरीतून प्रचारावर खर्च करायची मुभा दिली. आठवड्याभरातच राष्ट्राध्यक्षांनी संसदेतल्या भाषणात, न्यायमूर्ती समोर बसलेले असताना, या निकालावर टीका केली. तो राग रास्तच होता. पण आज सुपर पॅकना, म्हणजे उमेदवारापासून स्वतंत्र राहून प्रचारावर खर्च करणाऱ्या आणि अमर्याद देणग्या घेणाऱ्या समित्यांना, जे कोट्यवधी डॉलर मिळतात, त्यातला फार मोठा वाटा कंपन्यांचा नसून अतिश्रीमंत व्यक्तींचा असतो, आणि त्यांच्यासाठी रस्ता मोकळा करणारा निकाल वेगळाच आहे. तो दोन महिन्यांनी, खालच्या न्यायालयात लागला.

थोडं मागे जायला हवं. कंपन्यांनी उमेदवारांना थेट पैसे देण्यावरची बंदी १९०७ची. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ मध्ये, तशीच बंदी कामगार संघटनांवर आली, तेव्हा एका मोठ्या कामगार महासंघाने सभासदांकडून स्वेच्छेने वर्गणी गोळा करणारी वेगळी समिती काढली. पॅकचा, म्हणजे देणग्या गोळा करून निवडणुकीत वापरणाऱ्या राजकीय समितीचा, उगम तोच. वॉटरगेट घोटाळ्यानंतर १९७४ मध्ये कायदा कडक झाला. व्यक्तीने एका उमेदवाराला एका निवडणुकीत १,००० डॉलरच द्यायचे, पॅकने ५,००० डॉलर. देखरेखीसाठी स्वतंत्र आयोगही आला. याच आयोगाने १९७५ मध्ये एका तेल कंपनीला सल्ला दिला की पॅक चालवण्याचा खर्च कंपनीने करायला हरकत नाही आणि भागधारकांबरोबर कर्मचाऱ्यांकडेही देणगी मागता येईल. १९७४च्या शेवटी कंपन्यांचे ८९ पॅक होते, १९८० पर्यंत ते १,२०० च्या वर गेले.

३० जानेवारी १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कायद्याचे दोन तुकडे केले. देणगीवरची मर्यादा टिकली, कारण देणगीतून भ्रष्टाचार संभवतो. खर्चावरची मर्यादा मात्र गेली, कारण खर्च हे मतप्रदर्शन. त्यामुळे श्रीमंत माणसाने उमेदवाराला न विचारता स्वतःच्या पैशाने जाहिराती द्याव्यात, त्याला १९७६ पासून अटकाव नव्हता. उमेदवारालाही स्वतःचा पैसा हवा तितका लावता येऊ लागला. अडवलं जात होतं ते इतकंच की अनेक धनिकांनी मिळून एका समितीत वाटेल तेवढा पैसा ओतायचा नाही. समितीला वर्षाला ५,००० डॉलर, पुढे नाही. २००२च्या सुधारणेने पक्षांकडे येणारा अमर्याद मोठा पैसा थांबवला, त्या वेळीही हा बांध शाबूत होता.

तो फुटला २६ मार्च २०१० रोजी, वॉशिंग्टनच्या अपिली न्यायालयात. फिर्यादी गट छोटा होता आणि त्याला कंपन्यांचा पैसा नकोच होता. संस्थापकाला स्वतः ५,५०० डॉलर द्यायचे होते, म्हणजे मर्यादेपेक्षा ५०० जास्त. दुसऱ्या एका देणगीदाराची तयारी १,१०,००० डॉलरची होती. नऊ न्यायाधीशांनी एकमताने गटाच्या बाजूने कौल दिला. त्यांचा युक्तिवाद असा: उमेदवारापासून स्वतंत्र राहून केलेल्या खर्चातून भ्रष्टाचार होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारीत म्हटलं आहे; मग असाच खर्च करणाऱ्या गटाला दिलेल्या देणगीतूनही तो होऊ शकत नाही.

हा युक्तिवाद वरवर सरळ दिसतो, पण त्यात मोठी उडी आहे. १९७६ पासून देणगी आणि खर्च यांना वेगळे निकष होते. एक कोटीचा धनादेश कोणी दिला हे उमेदवाराला नावानिशी कळतं, तो पैसा कोणत्या मतदारसंघात खर्च झाला हेही कळतं. उपकाराची जाणीव ठेवायला एवढं पुरेसं आहे. हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेऊन निकाली काढून घ्यायला हवा होता. सरकारने नेला नाही. जून २०१० मध्ये देशाच्या कायदेप्रमुखांनी संसदेला पत्र लिहून कळवलं की अपील करणार नाही, कारण या निकालाचा परिणाम देणग्यांच्या अगदी लहान गटापुरता राहील. हे जानेवारीच्या निकालावर जाहीर टीका करणाऱ्या राष्ट्राध्यक्षांचंच सरकार. त्या दशकातली ही सर्वांत महागडी चूक होती असं माझं ठाम मत आहे. २०१२च्या निवडणुकीत सुपर पॅकनी ६० कोटी डॉलरहून जास्त खर्च केले. २०२४ मध्ये हाच आकडा अडीच अब्जांच्या पुढे गेला, आणि त्यात एकट्या उद्योगपतीचे २५ कोटींहून अधिक होते.

जुलै २०१० मध्ये आयोगाने दोन गटांना परवानगीची पत्रं दिली आणि कार्यपद्धती ठरून गेली. नोंदणी करताना सोबत एक छोटं पत्र जोडायचं: आम्ही फक्त स्वतंत्र खर्च करू, उमेदवाराला पैसे देणार नाही.

आता या स्वातंत्र्याचं काय झालं ते पाहा. उमेदवार स्वतःच्या संकेतस्थळावर लाल चौकटीत लिहितो की मतदारांना अमुक गोष्ट कळायला हवी, आणि काही दिवसांत सुपर पॅकच्या जाहिरातीत तेच शब्द येतात. संवाद नसलेल्या हसऱ्या चित्रफिती यूट्यूबवर सोडल्या जातात, म्हणजे कोणीही उचलून जाहिरातीत जोडाव्यात. २०१५ मध्ये एका माजी गव्हर्नरांनी उमेदवारी जाहीर करणं लांबवलं, तोवर त्यांच्या बाजूच्या सुपर पॅकने सहा महिन्यांत १० कोटींहून जास्त डॉलर जमवले. मार्च २०२४ मध्ये तर आयोगाने घरोघरी फिरून केलेल्या प्रचारात उमेदवाराशी हातमिळवणी चालेल असा सल्ला दिला. सहा सदस्यांच्या या आयोगात एका पक्षाचे तीनपेक्षा जास्त नसतात आणि निर्णयाला चार मतं लागतात, त्यामुळे चौकशी अनेकदा ३-३ वर अडली. २०२५ च्या वसंतात तर गणपूर्तीच संपली.

मराठी वाचकाला जवळचं उदाहरण २०२२ मधलं. बेळगावात वाढलेले एक मराठी उद्योजक डेट्रॉइटमधून संसदेसाठी उभे राहिले. पक्षांतर्गत लढतीत त्यांनी स्वतःचे लाखो डॉलर लावले, समोरच्या उमेदवारासाठी बाहेरच्या सुपर पॅकने ४० लाखांच्या आसपास खर्च केला. १९७६ आणि २०१० हे दोन्ही निकाल एकाच मतदारसंघात आमनेसामने. मराठी उमेदवार जिंकला; ज्याच्याकडे स्वतःचा पैसा नव्हता आणि मागे कोणी धनिकही नव्हता, त्याला त्या लढतीत किती वाव होता?

मार्च २०१०चा प्रश्न अजून सर्वोच्च न्यायालयाने गुणवत्तेवर ऐकलेला नाही. २०२० मध्ये काही खासदारांची याचिका त्याने दाखलच करून घेतली नाही. मग मेन राज्यात, नोव्हेंबर २०२४ मध्ये, जवळपास तीन चतुर्थांश मतदारांनी सुपर पॅकच्या देणगीवर ५,००० डॉलरची मर्यादा घालायला कौल दिला. १९७६ पासूनचाच आकडा, महागाईची भर न घालता. जुलै २०२५ मध्ये तिथल्या संघीय न्यायालयाने हा कायदा रोखला आणि प्रकरण बोस्टनच्या अपिली न्यायालयात गेलं.