फॅरो बेटांचा स्वशासन पक्ष : एका जुन्या मागणीचा मागोवा

स्कॉटलंड आणि आइसलंड यांच्या मध्ये, उत्तर अटलांटिकात अठरा बेटांचा एक पुंजका आहे. लोकसंख्या जेमतेम चोपन्न हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी माणसं, पण स्वतःची संसद, स्वतःची भाषा, स्वतःचा झेंडा. डेन्मार्कच्या राजसत्तेखालच्या या फॅरो बेटांवर सहा-सात राजकीय पक्ष कायम असतात आणि निकालानंतर आघाडीची जुळवाजुळव ठरलेली. त्यातला एक लहान, उदारमतवादी पक्ष म्हणजे स्वशासन पक्ष. आज तो किरकोळ वाटतो. पण बेटांवरचं पक्षीय राजकारण सुरू झालं ते याच पक्षाच्या आणि त्याच्या विरोधकांच्या भांडणातून.

हे भांडण समजायला थोडं मागे जावं लागतं. मध्ययुगात ही बेटं नॉर्वेची होती. 1814 मध्ये नॉर्वे डेन्मार्कच्या हातून गेला, बेटं मात्र डेन्मार्ककडेच राहिली. दोनच वर्षांत लोगटिंग ही तिथली प्राचीन सभा बरखास्त झाली आणि फॅरो हा डेन्मार्कचा एक जिल्हा बनला. 1852 मध्ये लोगटिंग परत आली, पण फक्त सल्ला देण्यापुरती. 1856 मध्ये सरकारी व्यापाराची मक्तेदारी उठली. तोवर लोकर हेच बेटांचं सोनं होतं. पुढे मोठ्या जहाजांवरची मासेमारी आली, हातात पैसा खेळू लागला, राजधानी तोर्शाव्न वाढू लागली. शाळा, चर्च आणि कचेरी यांची भाषा मात्र डॅनिशच. फॅरोईजला नीट लेखनपद्धती मिळाली तीच 1846 मध्ये.

26 डिसेंबर 1888 रोजी, नाताळच्या दुसऱ्या दिवशी, तोर्शाव्नमध्ये एक सभा भरली. नऊ जणांनी वर्तमानपत्रात आवाहन केलं होतं : भाषा आणि चालीरीती जपायच्या असतील तर या. त्या सभेत एका बावीस वर्षांच्या तरुणाची कविता वाचली गेली. त्याचं नाव योआन्नेस पातुर्सन. किर्क्युबोर इथल्या मोठ्या शेताचा तो वारस. जमीन राजाच्या मालकीची, पण पिढ्यान्‌पिढ्या याच घराण्याने कसलेली. पुढच्या वर्षी भाषेसाठी संघटना उभी राहिली. अजून हा प्रश्न भाषेचा आणि अभिमानाचा होता; मतपेटी लांब होती.

ती जवळ आली 1901 मध्ये. त्या वर्षी डेन्मार्कमध्ये उदारमतवादी व्हेन्स्त्रे पक्षाचं सरकार आलं आणि पातुर्सन डॅनिश संसदेत निवडून गेला. कोपनहेगनमधल्या उदारमतवाद्यांशी त्याचं सूत जुळलं. पक्षाला उदारमतवादी म्हणतात त्याचं मूळ इथे आहे : जनतेच्या प्रतिनिधींचा अधिकार राजाच्या अधिकाऱ्यांपेक्षा वरचा, हे व्हेन्स्त्रेचं म्हणणं त्याने बेटांना लावलं. लोगटिंगला खरे अधिकार हवेत, पैशाचेही. पण पैशाचं नाव काढताच गावोगाव धास्ती पसरली. अधिकार आले की करही आपल्याच डोक्यावर येणार, हा विरोधकांचा मुद्दा साधा होता आणि तो लोकांना पटला. 1906 च्या निवडणुकीत पातुर्सन हरला. डेन्मार्कशी नातं घट्ट ठेवू पाहणाऱ्यांचा युनियन पक्ष त्याच वर्षी बांधला गेला आणि त्याला उत्तर म्हणून स्वशासनवाल्यांचा पक्ष उभा राहिला. विरोधक आधी, चळवळीचा पक्ष नंतर, असा हा उलटा क्रम.

पुढची तीसेक वर्षं पक्षाच्या भराची होती. शाळेत डॅनिशमधूनच शिकवायचं, या 1912 च्या नियमावरून झालेला वाद 1938 मध्ये फॅरोईजला समान दर्जा मिळेपर्यंत चालला. 1919 मध्ये कोपनहेगनमधल्या फॅरोईज विद्यार्थ्यांनी झेंडा तयार केला. तो बेटांवर पहिल्यांदा फडकला फामयिन गावात, एका लग्नात.

पक्षाला तडा गेला तो स्वातंत्र्यावरून नव्हे, जमिनीवरून. बेटांवरची निम्मी जमीन राजाची होती आणि ती पातुर्सनसारख्या मोजक्या मोठ्या कुळांकडे होती. 1930 च्या दशकात त्यातले तुकडे भूमिहीनांना आणि अल्पभूधारकांना देण्याचा प्रश्न आला. पक्षातले बरेच जण वाटपाच्या बाजूने होते. राष्ट्रवादाचा नायक इथे जमीनदाराच्या भूमिकेत सापडला, आणि दशकाच्या अखेरीस त्याने वेगळी वाट धरून उद्योगस्नेही मंडळींबरोबर लोकपक्ष काढला. त्याआधीच, 1925 मध्ये, समाजवादी लोकशाहीवाद्यांचा पक्ष मजुरांची मतं घेऊन गेला होता. माझ्या मते स्वशासन पक्षाचा कणा इथेच मोडला. त्यानंतर त्याला पहिल्या फळीत कधीच परतता आलं नाही.

मग युद्ध आलं. एप्रिल 1940 मध्ये जर्मनांनी डेन्मार्क घेतलं आणि काही दिवसांतच ब्रिटिश सैन्य बेटांवर उतरलं. पाच वर्षं बेटांनी स्वतःचा कारभार चालवला, स्वतःच्या झेंड्याखाली ब्रिटनला मासे पोचवले. अशा लोकांना पुन्हा जिल्हा म्हणून वागवणं शक्य नव्हतं. 14 सप्टेंबर 1946 रोजी सार्वमत झालं : स्वातंत्र्याच्या बाजूने 5,660 मतं, डेन्मार्कसोबतच राहून मर्यादित अधिकार देणाऱ्या डॅनिश प्रस्तावाच्या बाजूने 5,499. पातुर्सन ऑगस्टमध्येच वारला होता. लोगटिंगच्या बहुमताने स्वातंत्र्य जाहीर केलं, राजाने लोगटिंग बरखास्त केली आणि नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेन्मार्कसोबत राहू इच्छिणाऱ्यांना बहुमत मिळालं. त्यातून वाटाघाटी झाल्या आणि 1 एप्रिल 1948 पासून गृहशासन कायदा, म्हणजे अंतर्गत कारभार बेटांच्या हाती देणारा कायदा, लागू झाला.

म्हणजे स्वशासन पक्षाची मूळ मागणी मान्य झाली. पहिल्या गृहशासन सरकारात पक्ष होताही, पण पंतप्रधान होते युनियन पक्षाचे आंद्रास सामुएल्सन. स्वशासनाला घाबरून जन्मलेल्या पक्षाने स्वशासनाचं पहिलं सरकार चालवलं, आणि ज्याचं ते स्वप्न होतं तो त्यांचा धाकटा भागीदार ठरला.

त्याच वर्षी प्रजासत्ताक पक्ष निघाला. पातुर्सनचा मुलगा एर्लेन्दुर पुढे त्याचा मोठा नेता झाला. पूर्ण स्वातंत्र्य हवं असलेला डावा मतदार तिकडे गेला, उजवा लोकपक्षाकडे, डेन्मार्क हवं असलेला युनियन किंवा समाजवाद्यांकडे. बेटांवरच्या राजकारणात डावं-उजवं हा एक अक्ष आणि कोपनहेगनपासून किती अंतर हा दुसरा. दोन्हींच्या मध्यावर उभ्या असलेल्या स्वशासन पक्षाकडे उरले ते काही कुटुंबं, काही गावं आणि दोन-चार जागा.

तरी लहान संसदेत दोन जागांनाही भाव असतो. 1990 च्या दशकात बँका कोसळल्या, हजारो लोक बेटं सोडून गेले आणि डेन्मार्कवरचा राग वाढला. 1998 मध्ये लोकपक्ष आणि प्रजासत्ताक पक्ष यांच्यासोबत स्वशासन पक्ष सरकारात गेला. तेव्हा 32 जणांच्या संसदेत त्याचे दोघे होते. या सरकारने स्वतंत्र राष्ट्राची बोलणी सुरू केली. डेन्मार्कचं अनुदान पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने कमी व्हावं, ही बेटांची मागणी. चार वर्षांत बंद करू, हे कोपनहेगनचं उत्तर. 26 मे 2001 चं नियोजित सार्वमत रद्द झालं. थोडक्यात, 1906 चाच पैशाचा मुद्दा पुन्हा आडवा आला.

2008 पासून सगळी बेटं एकच मतदारसंघ झाली, जागा 33 झाल्या. पक्षाने पुढे नावाला ‘नवा’ जोडलं. 2011 मध्ये एक जागा, 2015 मध्ये दोन, 2019 मध्ये पुन्हा एक. तोवर उदारमतवादी मतांवर हक्क सांगणारा फ्रामसोक्न हा नवा पक्षही उभा राहिला होता. डिसेंबर 2022 च्या निवडणुकीत एका जागेला लागणारा मतांचा तेहतिसावा हिस्साही स्वशासन पक्षाला मिळाला नाही, आणि तो लोगटिंगबाहेर गेला. फ्रामसोक्नला तीन जागा मिळाल्या.