शेवंती हिरवीगार आहे, पण कळी धरत नाही? आधी रात्रीचा दिवा पाहा

झाड जोमदार, पानं गडद हिरवी, खत वेळच्या वेळी. तरी कळीचा पत्ता नाही. शरद ऋतूत शेवंती आणि पॉइनसेटियाबद्दल आमच्याकडे सर्वांत जास्त येणारी तक्रार हीच. तोवर बहुतेकांनी खताचं प्रमाण वाढवलेलं असतं आणि जास्तीच्या नत्रामुळे पानंच माजलेली असतात. खरी अडचण कुंडीजवळच्या दिव्याची असते.

ही दोन्ही झाडं रात्रीची लांबी ओळखतात. रात्र पुरेशी लांब आणि सलग अंधारी मिळाली, तरच शेंड्यावर पानांऐवजी कळ्या तयार होऊ लागतात. मध्यरात्री थोडा वेळ दिवा लागला, तरी झाडाच्या लेखी एका लांब रात्रीच्या दोन छोट्या रात्री होतात. शेवंतीचे उत्पादक मातृरोपांना (ज्यांच्या फांद्या कापून नवी रोपं करतात, त्यांना) कळ्या येऊ नयेत म्हणून रात्री १० ते २ मुद्दाम दिवे लावतात. गॅलरीतला किंवा रस्त्यावरचा दिवा तुमच्या कुंडीवर नकळत तोच प्रयोग करत असतो. काही वेळा कळी धरते, पण पुढे उजेड मिळत राहिल्याने मध्येच अडकते. तिला रोग समजून फवारणी करू नका.

रात्री कुंडीशेजारी उभं राहून वर्तमानपत्राचे मथळे वाचता येत असतील, तर तिथे उजेड जास्त आहे. कुंडी अंधाऱ्या जागी हलवणं सर्वांत सोपं. ते जमत नसेल, तर संध्याकाळी ६ ते सकाळी ८, असे सलग १४ तास खोकं किंवा जाड काळं कापड घाला. कापड काठ्यांच्या आधाराने उंच धरा, शेंड्यांना टेकू देऊ नका. शेवंतीच्या कळ्यांवर रंग दिसेपर्यंत हे रोज करायचं. पॉइनसेटियाला ८ ते १० आठवडे लागतात, आणि अधूनमधून रात्री चुकल्या तर रंग तेवढा लांबतो. (त्याची लाल दिसतात ती फुलं नव्हेत, पानंच, खरी फुलं मधली पिवळी, बारीक.) दिवसा मात्र दोघांनाही भरपूर उजेड हवा, नाहीतर अंधाराचा उपयोग नाही.

कापडाखाली उष्णता साठते आणि उष्ण रात्रींमुळेही शेवंतीची कळी लांबते. त्यामुळे संध्याकाळ गरम असेल आणि रात्री दिव्याचा त्रास नसेल, तर पूर्ण काळोख झाल्यावर कापड काढा आणि उजाडण्याआधी पुन्हा घाला.

दुसरी चूक उशिरा शेंडा खुडण्याची. रोप १५ सेंटीमीटर झालं, की तळाची ५-६ पानं ठेवून शेंडा खुडायचा. नवे फुटवे वाढले की पुन्हा. पण फुलं हवीत त्याच्या १० ते १२ आठवडे आधी हात आवरता घ्या. त्यानंतर खुडलेल्या शेंड्यासोबत कळ्याही जातात.

आम्ही शेवंती कळ्यांवर नुकता रंग दिसत असताना देतो. शेजारी उमललेली कुंडी ठेवली, तर आमची फिकी वाटते, हे मान्य आहे. पण उमललेल्या कुंडीच्या बहराचे निम्मे दिवस दुकानातच संपलेले असतात. अगदी हिरव्या, घट्ट कळ्यांचं रोपही घेऊ नका. घरातल्या कमी उजेडात त्यातल्या बऱ्याच उमलत नाहीत.

अंधाराची सोयच नसेल, तर बुटका झेंडू घ्या. बी पेरल्यापासून साधारण ८ आठवड्यांत तो फुलतो आणि दिव्याला दाद देत नाही. फुलांऐवजी पानांचा रंग चालणार असेल, तर ऊन येणाऱ्या जागी क्रोटन आणि अर्धवट सावलीत कोलियस. क्रोटन सावलीत ठेवला की नवी पानं हिरवीच येतात. तिन्ही आमच्याकडे तयार कुंड्यांत आहेत.

दिव्यामुळे अडलेलं रोप आम्ही बदलून देत नाही, कारण ते निरोगीच असतं. सलग अंधार मिळू लागला, की ३-४ आठवड्यांत बारीक कळ्या दिसतात. तरीही शंका असेल, तर रोप उचलून आणू नका. रात्री ते जिथे असतं, तिथला फ्लॅश न वापरता काढलेला फोटो दाखवा. त्यावरून जागा आणि रोप दोन्ही सुचवू.