गोळी, वामकुक्षी आणि जठराचं दार

माझे सासरे सदाशिव पेठेत राहतात. दुपारचं जेवण झालं की डाव्या कुशीवर तासभर पडायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा नेम. मागच्या रविवारी त्यांचं डोकं दुखत होतं. श्रीखंड-पुरीचं जेवण झाल्यावर त्यांनी पॅरासिटामॉलची गोळी दोन घोट पाण्याबरोबर घेतली आणि लगेच आडवे झाले. तासाभराने उठले ते कपाळ चोळतच. "या गोळीत काही दम नाही, मेडिकलवाल्याला परत देऊन ये."

गोळीत दम होता. ती बहुधा अजून रक्तात पोचलीच नव्हती.

गोळी पोटात जाते, तिथल्या आम्लात विरघळते आणि तिथूनच रक्तात मिसळते, असं बहुतेकांना वाटतं. यातला शेवटचा भाग चुकीचा आहे. तोंडावाटे घेतलेली जवळजवळ सगळी औषधं रक्तात शिरतात ती लहान आतड्यातून. जठर ही नुसती थांबायची जागा.

कारण आहे क्षेत्रफळ. आतड्याच्या आतल्या बाजूला घड्या, घड्यांवर बोटांसारखे बारीक उंचवटे आणि त्यांच्या पेशींवर आणखी बारीक केसाळ टोकं असतात. हे सगळं पसरलं तर टेनिस कोर्ट भरेल असं पूर्वी सांगत. २०१४ मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी नव्याने मोजमाप केलं, तेव्हा संपूर्ण पचनमार्गाचं आतलं क्षेत्रफळ सुमारे ३२ चौरस मीटर भरलं. म्हणजे बॅडमिंटनच्या अर्ध्या कोर्टाहून थोडं कमीच. ही उपमा पुणेकरांना जवळची वाटावी, कारण १८७० च्या दशकात इथल्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी या खेळाचे नियम बांधले आणि तेव्हा तो 'पूना' याच नावाने ओळखला जाई. या ३२ चौरस मीटरांत जठराचा वाटा अगदीच किरकोळ.

ॲस्पिरिनचं उदाहरण मला फार आवडतं. ते सौम्य आम्ल आहे. त्याचे काही रेणू विद्युतभारित असतात, काही भाररहित. पेशीचं आवरण स्निग्ध असल्यामुळे भाररहित रेणूच सहज आरपार जातात. जठराचा सामू, म्हणजे आम्लता सांगणारा pH चा आकडा, दीडच्या आसपास असतो. तिथे ॲस्पिरिनचे शंभरातले ९९ रेणू भाररहित असतात. आतड्यात सामू साडेसहापर्यंत चढतो आणि तिथे हजारात जेमतेम एक तसा उरतो. हिशेबाने शोषण जठरात व्हायला हवं. पण प्रत्यक्षात ते आतड्यातच जास्त वेगाने होतं! हजारातला तो एक रेणू पलीकडे गेला की प्रमाण बिघडतं. ते सावरायला उरलेल्यांपैकी एक जण क्षणार्धात आपला भार टाकतो आणि तोही जातो. पलीकडचं रक्त आलेल्या रेणूंना लगेच वाहून नेतं, त्यामुळे परतीचा ओघ सुरूच होत नाही. ही अदलाबदल एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर एकाच वेळी चालते, तेव्हा हजारात एक हे प्रमाणही भरपूर होतं.

म्हणून खरा प्रश्न उरतो तो गोळी जठरातून बाहेर कधी पडते हा. जठराच्या तळाशी स्नायूंचं एक वर्तुळ आहे, पायलोरस. पोट रिकामं असेल तर पेलाभर पाणी यातून भराभर निघून जातं आणि विरघळलेलं औषध सोबत नेतं. जेवणानंतर मात्र हे दार साधारण दोन मिलिमीटरपेक्षा मोठे कण सहसा सोडत नाही. त्यातून श्रीखंडातला, पुरीतला स्निग्धांश आतड्यात पोचला की तिथून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि जठराला सांगतं, सावकाश सोड. पॅरासिटामॉलचा वेग तर या दारावर इतका अवलंबून असतो की जठर किती वेगाने रिकामं होतं हे मोजायलाच संशोधक त्याचा वापर करतात.

आता कूस. पायलोरस शरीराच्या उजव्या बाजूला असतो. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या रजत मित्तल यांच्या गटाने जठराचं संगणकीय प्रारूप बनवून गोळीचा प्रवास मोजला. उजव्या कुशीवर जे काम १० मिनिटांत झालं, त्याला ताठ बसून २३ मिनिटं लागली आणि डाव्या कुशीवर १०० पेक्षा जास्त. हे आकडे संगणकातले आहेत, पण माणसांवरच्या आधीच्या प्रयोगांचा कलही असाच होता. वाम म्हणजे डावी. डाव्या कुशीवर दार वर राहतं आणि गोळी जठराच्या डावीकडच्या खोलगट भागात पडून राहते.

'वामकुक्षीने औषध दुप्पट लागू होतं' असा मजकूर मोबाइलवर फिरतो आहे. तो साफ खोटा आहे. डाव्या कुशीवर झोपल्याने अन्ननलिकेत आम्ल कमी चढतं, हा तिचा खरा फायदा, आणि तेवढा पुरेसा आहे. हळद-मिऱ्याच्या महागड्या कॅप्सूलचंही तसंच. १९९८ मध्ये बंगळूरच्या संशोधकांना मिऱ्यातल्या पायपरिनमुळे हळदीतल्या कर्क्युमिनचं शोषण २००० टक्क्यांनी वाढलेलं दिसलं. पण मुळात शोषण जवळपास शून्य होतं. शून्याच्या जवळपासचं वीसपट झालं तरी ते थोडंच. शिवाय पायपरिन फिटच्या फेनिटॉइनसारख्या औषधांची रक्तातली पातळीही वाढवतं, हे डब्यावर सहसा नसतं.

प्रत्येक औषधाला रिकामं पोट मानवतंच असंही नाही. जंतांवरचं अल्बेंडाझोल तुपातेलाच्या जेवणाबरोबर कितीतरी जास्त शोषलं जातं. थायरॉइडच्या गोळीला सकाळचा चहा आणि कॅल्शियम दोन्ही आडवे येतात. डॉक्सिसायक्लिन या प्रतिजैविकाचा काही भाग दुधातल्या कॅल्शियमशी जखडून आतड्यातून तसाच पुढे जातो. आम्लपित्तावरच्या पॅन्टोप्रॅझोलला आम्लात न विरघळणारं आवरण असतं. ते पायलोरसच्या पलीकडेच सुटायला हवं आणि जेवणामुळे जठरातले आम्लपंप जागे होण्याआधी औषध रक्तात पोचायला हवं, म्हणून जेवणाआधी अर्धा तास. ती गोळी कुटून कधीही देऊ नका.

आणि हे वाचून कुणी गोळी गिळल्या गिळल्या उजव्या कुशीवर आडवं होऊ नये. ती अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. डॉक्सिसायक्लिन आणि हाडांसाठीचं ॲलेंड्रोनेट यांच्या बाबतीत हा धोका चांगलाच ठाऊक आहे.

सासऱ्यांनी हे सगळं शांतपणे ऐकलं. वामकुक्षी सोडणार नाही, हे आधी सांगून टाकलं. परवा पुन्हा डोकं चढलं तेव्हा जेवायला बसण्याआधीच गोळी घेतली, सोबत पेलाभर पाणी. अर्धा तास आरामखुर्चीत पेपर वाचला. मग पान वाढायला सांगितलं.