मधुमेह आहे आणि सीए १९-९ वाढलंय? आधी हे वाचा

कोथरूडच्या आमच्या लॅबमधून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर गेला की लगेच फोन येतो: "सीए १९-९ समोर लाल अक्षरात 'जास्त' आलंय. कॅन्सर आहे का हो?" बऱ्याचदा ही तपासणी डॉक्टरांनी लिहून दिलेलीच नसते, कुठल्याशा 'फुल बॉडी' पॅकेजात आलेली असते.

सीए १९-९ हा रक्तात मोजला जाणारा एक घटक. स्वादुपिंडाच्या कॅन्सरमध्ये सीए १९-९ वाढतं, हे खरं. पण धडधाकट स्वादुपिंड आणि पित्तनलिकाही ते थोडंफार तयार करतात. नेहमीची मर्यादा ३७ युनिट प्रति मिलिलिटर. शुगर आटोक्यात नसेल तर कॅन्सर नसतानाही आकडा त्यापुढे जाऊ शकतो, आणि शुगर उतरली की अनेकांचा तोही उतरतो.

समजा, एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा) १०.५ आहे आणि सीए १९-९ आलं ५२. बाकी काही त्रास नसेल तर डॉक्टर बहुधा आधी शुगर आणतील जागेवर, मग दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासतील. तेच ५२ एचबीएवनसी ६.२ असताना आलं, तर शुगरवर ढकलता येत नाही. मग पित्ताचे खडे, स्वादुपिंडाची सूज, लिव्हरचे आजार बघावे लागतात. कावीळ असेल तर आकडा शेकड्यांतही जातो. ती उतरेपर्यंत त्याचा अर्थ लावत बसू नये. म्हणून सोबत बिलिरुबिन, म्हणजे काविळीची रक्ततपासणी, हवंच.

नॉर्मल आलं म्हणूनही निर्धास्त राहू नका. गाठ लहान असेल तर अनेकदा आकडा वाढलेला नसतो. शिवाय शंभरातल्या पाच-दहा जणांच्या शरीरात हा घटक जवळपास बनतच नाही. त्यांचा रिपोर्ट कॅन्सर असतानाही नॉर्मल येऊ शकतो.

त्यामुळे हौसेने ही तपासणी करू नका. आमचा धंदा थोडा कमी झाला तरी चालेल. तिचा खरा उपयोग निदान झालेल्या रुग्णाचे उपचार लागू पडताहेत का, हे बघायला होतो.

मात्र पन्नाशीनंतर पहिल्यांदाच मधुमेह निघाला आणि वजन आपोआप घटतंय, किंवा वर्षानुवर्षं नीट असलेली शुगर कारण नसताना बिघडली, पोटातून पाठीत कळ जाते, डोळे पिवळे दिसतात, असं असेल तर आकडा काहीही असो, डॉक्टरांकडे जा. पन्नाशीनंतर नव्याने मधुमेह झालेल्यांत पुढच्या तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कॅन्सर साधारण शंभरात एकालाच निघतो, पण तो एक वेळेत सापडायला हवा. पोटातल्या गॅसमुळे सोनोग्राफीत स्वादुपिंड पूर्ण दिसेलच असं नाही. डॉक्टर सीटी स्कॅन सांगतील तर टाळू नका.

या तपासणीला उपाशीपोटी यायची गरज नाही. केसांसाठी, नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर रक्त देतानाच सांगा. काही मशीनवर त्यामुळे आकडा चुकतो. पुन्हा तपासताना पहिल्याच लॅबमध्ये जा, मग ती आमची नसली तरी. मशीन आणि किट बदललं की आकडाही बदलतो. जुना रिपोर्ट सोबत ठेवा, फोटो चालेल.