म्हैस व्याल्यानंतरचा पहिला तास

माझं आजोळ बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला. भाद्रपदातल्या एका रात्री म्हैस व्याली तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. रेडकू ओल्या गवतावर पडलं होतं. नाकातोंडाला चिकट पडदा. मी पोतं घेऊन पुसायला धावलो, तर आजीनं मनगट धरलं. "चाटूंदे की तिला आधी. पुसलास तर वास जाईल त्याचा." म्हैस घशातल्या घशात रेकत होती आणि खरखरीत जिभेनं पाठ, मान, तोंड चाटत होती. तीनचारदा कोसळून रेडकू उभं राहिलं आणि दूध शोधू लागलं ते भलतीकडेच, आईच्या पुढच्या पायांत.

कास कुठं असते हे त्याला ठाऊक असतं, की ते शिकावं लागतं? हा प्रश्न फार जुना आहे. दुसऱ्या शतकातला रोमन काळातला वैद्य गेलन यानं एका गाभण शेळीचं पोट फाडून करडू बाहेर काढलं आणि आईचं दर्शनही होऊ न देता एका खोलीत ठेवलं. समोर वाडग्यांत दारू, तेल, मध, दूध, धान्य, फळं. करडू उठलं, अंग झाडलं, पायानं कूस खाजवली, एकेक वाडगं हुंगलं आणि दूध प्यायलं. गेलनला यात उपजत ज्ञान दिसलं. मला मात्र त्या गोष्टीतलं हुंगणं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. त्याचा अर्थ लागायला पुढं अठराशे वर्षं गेली.

1870च्या दशकात इंग्लंडमध्ये डग्लस स्पाल्डिंगनं डुकराचं पिल्लू जन्मताच पिशवीत घातलं आणि सात तासांनी खुराड्याबाहेर सोडलं. आईचं गुरगुरणं ऐकताच ते तिच्याकडे जायला धडपडू लागलं. कोनराड लॉरेन्झनं 1935 मध्ये हंसांच्या पिल्लांवरून जन्मानंतरच्या ठरावीक काळात पक्क्या होणाऱ्या ओळखीचा सिद्धान्त मांडला. त्याला 1973 मध्ये नोबेल मिळालं. पण 1953 मध्येच अमेरिकेतल्या डॅनियल लेहरमननं त्याला धारेवर धरलं होतं. एखादी गोष्ट उपजत म्हटली की ती घडते कशी हे शोधायचं आपण थांबतो, असा त्याचा रोख होता. आक्षेप रास्त होता, कारण खरं उत्तर त्या घडण्यातच होतं.

ते सापडलं उंदरांत. 1970च्या दशकात टायकर आणि ब्लास यांनी दाखवलं की उंदरिणीचे सड धुऊन काढले तर आंधळी पिल्लं त्यांना तोंडच लावत नाहीत. गर्भजलाचा वास पुन्हा लावला की लावतात. व्यायल्यावर आई स्वतःला चाटते तेव्हा तो वास तिच्या सडांवर पोचतो. 1982 मध्ये गर्भजलातच लिंबासारखा वास मिसळून पाहिला, जन्मल्यावरही पिल्लांना तोच वास दिला, तर ती त्या वासाच्या सडांकडे गेली. म्हणजे शिकणं पोटात असतानाच सुरू झालेलं असतं.

आईलाही शिकावं लागतं. शेळीला व्यायल्यावर पाच मिनिटं करडाजवळ राहू दिलं, तर नंतर दोनतीन तास वेगळं ठेवूनही ती त्याला घेते. ती पाच मिनिटं हुकली तर बहुधा ढुशी मारते. पीटर क्लॉफरनं 1964 मध्ये हे नोंदवलं. मेंढ्यांबाबत 1983 मध्ये केंब्रिजमध्ये समजलं की वेणांच्या वेळी जन्ममार्गाला बसणारा ताणच आईला पिल्लाकडे वळवतो. त्यामागे ऑक्सिटोसिन हे संप्रेरक आहे. त्यानंच पान्हाही सुटतो. पान्हा सोडावा म्हणून आज कित्येक गोठ्यांत त्याचंच इंजेक्शन टोचलं जातं. रेडकू मेलं की त्याच्या कातड्यात पेंढा भरून म्हशीपुढं ठेवायची रीत जुनी. ती त्या कातड्याला चाटते आणि दूध देते. मला ते बघवत नाही.

चिकाबद्दल तर बोललंच पाहिजे. गाई-म्हशींच्या वारेतून रोगप्रतिकारक द्रव्यं गर्भाला मिळत नाहीत, ती चिकातूनच मिळतात. आतड्यांतून ती शोषली जातात साधारण पहिल्या दिवसापर्यंतच, आणि दर तासाला कमी होत जातात. आपल्याकडे खरवसाला, कन्नड शेजाऱ्यांच्या गिण्णाला, केवढी मागणी! माझंही ते आवडतं खाणं. पण रेडकाचं पोट भरल्याशिवाय आजी चिकाचा एक थेंब काढू देत नसे. खरवस उरलेल्या चिकाचा व्हायचा, कधी व्हायचाही नाही.

दुधाच्या पलीकडेही काही असतं, हे हॅरी हार्लोनं 1958 मध्ये माकडांच्या पिल्लांवर दाखवलं. दोन बनावट आया केलेल्या; बाटली तारेच्या आईकडे, तरी पिल्लं दिवसभर बिलगायची कापडाच्या आईला. त्या पिल्लांचे हाल वाचून आजही पोटात कालवतं.

त्या रात्री रेडी झाली होती. अखेर तिला सड सापडला तेव्हा शेपटी वळवळायला लागली. आजी शेजारी बसून तिच्या पाठीवरून हात फिरवत होती, काहीबाही बोलत होती. दिवाळीत बेळगावात चव्हाट गल्लीत सजवलेल्या म्हशी मालकाच्या हाकेमागं धावत जाताना पाहिल्या की मला आजीचं ते पुटपुटणं आठवतं. ती रेडी मोठी झाली, पण हाक फक्त आजीचीच ऐकायची. आजोबा ओरडून दमायचे, ती कान हलवून चरत राहायची.