ऑनलाइन सार्वजनिक शाळेतून घरी प्राथमिक शिक्षण

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत सरकारी खर्चाने चालणाऱ्या, परंतु वर्ग भरवण्यासाठी इमारत नसलेल्या शाळेत मुलाचे नाव घालून त्याचे शिक्षण घरीच करण्याची पद्धत. अभ्यासक्रम, पुस्तके आणि बहुधा संगणकही शाळा पुरवते, परवानाधारक शिक्षक इंटरनेटवरून शिकवतात व काम तपासतात, आणि पालकांना फी द्यावी लागत नाही. वरच्या इयत्तांतील मुले हे शिक्षण बरेचसे स्वतःच्या बळावर घेऊ शकतात. किंडरगार्टनपासून साधारण तिसरीपर्यंतच्या मुलांचे तसे नसते. सहा वर्षांच्या मुलाला सूचना वाचता येत नाहीत, वेळापत्रक सांभाळता येत नाही आणि अडले तर नेमके काय अडले हेही सांगता येत नाही. त्यामुळे शाळा सरकारची, शिक्षक शाळेचे, पण दिवसभराचे प्रत्यक्ष शिकवणे घरातल्या एका मोठ्या माणसाच्या हातून, अशी रचना तयार होते. या पद्धतीविषयीचे महत्त्वाचे खटले, कायदे आणि पैशांचे वाद याच रचनेतून निघालेले आहेत.

बोलताना अनेक कुटुंबे या पद्धतीला होमस्कूलिंग म्हणतात, पण कायद्याच्या दृष्टीने ते गृहशिक्षण नव्हे, आणि हा फरक नाव नोंदवण्यापूर्वीच नीट समजून घ्यावा असा आहे. पेनसिल्वेनिया राज्यात १९८८ पासून गृहशिक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे. त्याखाली पालक दरवर्षी शिक्षण अधीक्षकाकडे प्रतिज्ञापत्र देतात, मुलाच्या कामाचा संग्रह ठेवतात आणि वर्षअखेरीस पात्र मूल्यमापकाकडून तो तपासून घेतात. काय आणि कसे शिकवायचे हे मात्र बऱ्याच अंशी पालकच ठरवतात. याउलट, ऑनलाइन सार्वजनिक शाळेतले मूल कायद्याने सरकारी शाळेचा विद्यार्थी असते. त्याची हजेरी शाळा मागते, अभ्यासक्रम राज्याच्या मानकांना धरून असतो, त्यात धर्मशिक्षण नसते, आणि तिसरीपासून आठवीपर्यंत दरवर्षी वाचन व गणिताच्या राज्यस्तरीय परीक्षा असतात. या परीक्षांसाठी शाळा ठिकठिकाणी सभागृहे किंवा हॉटेलातल्या खोल्या भाड्याने घेतात आणि मुलांना तिथे प्रत्यक्ष बोलावतात. या बंधनांच्या बदल्यात मुलाला सरकारी शाळेच्या विद्यार्थ्याचे हक्क मिळतात. विशेष गरजा असलेल्या मुलासाठी वैयक्तिक शिक्षण आराखडा तयार करणे आणि वाचाउपचारासारख्या सेवा मोफत देणे शाळेला बंधनकारक असते. गृहशिक्षण करणाऱ्या कुटुंबाला या सेवांचा असा खात्रीचा हक्क सर्वत्र नसतो, आणि केवळ याच कारणासाठी काही पालक या शाळांकडे वळतात.

या शाळांपैकी बऱ्याचशा चार्टर शाळा आहेत. स्वायत्त व्यवस्थापनाच्या, पण सार्वजनिक पैशांवर चालणाऱ्या अशा शाळांना परवानगी देणारा पहिला कायदा मिनेसोटाने १९९१ मध्ये केला. फ्लोरिडाने १९९७ मध्ये राज्याचीच ऑनलाइन शाळा सुरू केली, मात्र तिचा प्रारंभ माध्यमिक विषयांपासून झाला. पेनसिल्वेनियातील मिडलँड या पोलाद-नगराची कथा या इतिहासात वेगळी उठून दिसते. १९८० च्या दशकात तिथला पोलाद कारखाना बंद पडला, गावाची वस्ती व कर-उत्पन्न आटले, हायस्कूलही बंद झाले, आणि गावातली मुले काही वर्षे राज्याची सीमा ओलांडून शेजारच्या ओहायोतील शाळेत जात राहिली. या अडचणीतून २००० साली मिडलँडमध्ये एक ऑनलाइन चार्टर शाळा निघाली आणि राज्यभरातून मुले तिच्यात येऊ लागली. याच सुमारास के-ट्वेल्व्ह ही खासगी कंपनी स्थापन झाली. राष्ट्राध्यक्ष रेगन यांच्या काळातील शिक्षणमंत्री विल्यम बेनेट हे तिचे पहिले अध्यक्ष. तिने आरंभच सर्वांत लहान इयत्तांपासून केला. शाळेला मान्यता सार्वजनिक, पण अभ्यासक्रम, संगणक-व्यवस्था आणि पुष्कळदा व्यवस्थापनही कंपनीचे, हा नमुना पुढे अनेक राज्यांत रुळला. २०२० मध्ये या कंपनीने स्ट्राइड हे नाव घेतले.

लहान मुलाच्या बाबतीत ‘ऑनलाइन’ या शब्दावरून मनात जे चित्र उभे राहते त्यापेक्षा प्रत्यक्ष दिवस बराच निराळा असतो. वर्षाच्या सुरुवातीला घरी खोकी येतात: गोष्टींची पुस्तके, कार्यपुस्तिका, मोजणीचे ठोकळे, भिंग, लोहचुंबकाच्या फळीवर चिकटणारी अक्षरे, आणि शिकवणाऱ्या मोठ्या माणसासाठी वेगळी मार्गदर्शिका. या माणसाला शाळेच्या भाषेत ‘लर्निंग कोच’ म्हणतात. तो बहुधा आई किंवा वडील, कधी आजी असते. पहिलीतला उच्चारांचा एखादा धडा घेतला, तर मार्गदर्शिकेत काय विचारायचे आणि मूल चुकले तर काय म्हणायचे हे पायरीपायरीने दिलेले असते. फळीवर ‘एस’, ‘आय’, ‘टी’ ही तीन अक्षरे मांडायची, मुलाने प्रत्येकाखाली बोट ठेवून त्याचा आवाज काढायचा, मग तिन्ही आवाज जोडून ‘सिट’ म्हणायचे. ते जमले की शेवटचे अक्षर उचलून तिथे ‘पी’ ठेवायचे आणि मुलाला नवा शब्द वाचू द्यायचा. मुलाने शेवटचा आवाज ‘प’ काढला की ‘ब’, त्याने अक्षर पाहून वाचले की अंदाजाने ठोकले, पेन्सिल मुठीत धरली की तीन बोटांत, हे शेजारी बसलेल्या माणसालाच दिसते. धडा झाला की तो संकेतस्थळावर पूर्ण म्हणून नोंदवायचा आणि त्याला लागलेला वेळ लिहायचा. शिक्षिकेचे थेट तास बहुधा छोटे असतात. त्यात गाणी, गोष्ट, एखादे उदाहरण आणि मुलांची एकमेकांशी ओळख होते. ठरावीक काळाने शिक्षिका एकेका मुलाला व्हिडिओवर बोलावून मोठ्याने वाचायला लावते, आणि त्या वेळी घरच्यांनी शेजारून उत्तर सुचवू नये असे बजावलेले असते. एकूण काम पाहिले तर या वयात पडद्यापेक्षा कागद आणि वस्तू यांचा वाटा मोठा, आणि मोठ्या माणसाचे रोजचे कित्येक तास त्यात जातात. घरात असा मोकळा माणूस नसेल, तर शाळा कितीही चांगली असली तरी ही पद्धत चालत नाही; प्रवेशाच्या जाहिरातींत ही गोष्ट जितकी ठळक सांगितली जावी तितकी सांगितली जात नाही.

मग शिक्षक कोण, हा प्रश्न विस्कॉन्सिन राज्यात न्यायालयापर्यंत गेला. मिलवॉकीच्या उत्तरेस असलेल्या नॉर्दर्न ओझॉकी या छोट्या शाळा-जिल्ह्याने (म्हणजे आपल्या भागातील सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थेने) विस्कॉन्सिन व्हर्च्युअल अकॅडमी ही ऑनलाइन चार्टर शाळा सुरू केली. अभ्यासक्रम के-ट्वेल्व्हचा होता आणि बहुतेक मुले त्या जिल्ह्याबाहेरची, राज्यात विखुरलेली होती. दुसऱ्या जिल्ह्यातील शाळेत नाव घालता येण्याच्या सवलतीमुळे त्यांच्या मूळ जिल्ह्यांकडून पैसा नॉर्दर्न ओझॉकीकडे वळत होता. राज्यातील शिक्षक संघटनेने शाळेविरुद्ध दावा लावला. डिसेंबर २००७ मध्ये अपील न्यायालयाने शाळेविरुद्ध निकाल दिला. सार्वजनिक शाळेत शिकवणाऱ्याजवळ राज्याचा परवाना हवा, असा कायदा आहे. या शाळेत, विशेषतः खालच्या इयत्तांत, शिकवण्याचे काम प्रामुख्याने पालक करतात आणि त्यांच्याजवळ परवाना नाही, असे न्यायालयाने म्हटले. शिवाय चार्टर शाळा तिला मान्यता देणाऱ्या जिल्ह्यातच असली पाहिजे, आणि ही शाळा मुलांच्या घरांत, म्हणजे राज्यभर पसरलेली आहे, हाही आक्षेप मान्य झाला.

या निकालाने राज्यातील अशा सगळ्याच शाळांवर टांगती तलवार आली. पालकांनी विधिमंडळाकडे धाव घेतली, आणि एप्रिल २००८ मध्ये गव्हर्नर जिम डॉइल यांच्या सहीने नवा कायदा झाला. धड्यांचे नियोजन, मुलाच्या गरजा ओळखणे, मूल्यमापन आणि प्रगती कळवणे यांची जबाबदारी परवानाधारक शिक्षकाची राहील, असे त्यात लिहिले गेले. शिक्षकाने वर्षात किती तास उपलब्ध असावे याचेही आकडे ठरले: किंडरगार्टनसाठी किमान ४३७ आणि पहिली ते सहावीसाठी १,०५० तास. दिलेल्या कामाला पाच शालेय दिवसांत प्रतिसाद आला नाही तर शाळेने पालकांना कळवायचे, आणि एकाच सत्रात असे तिसऱ्यांदा घडले तर मुलाला त्याच्या मूळ जिल्ह्यातील शाळेत परत पाठवता यावे, अशीही तरतूद आली. अन्य जिल्ह्यांतून या शाळांत जाणाऱ्या मुलांच्या संख्येवर ५,२५० ची मर्यादा घातली गेली, ती पुढे उठली. कायद्याने शाळा वाचल्या, आणि शिक्षकाचे कर्तव्य स्पष्ट झाले हा त्याचा खरा लाभ आहे. पण न्यायालयाने जे वास्तव दाखवून दिले होते, ते या कायद्याने बदलले नाही: पाच-सहा वर्षांच्या मुलाला रोज वाचायला शिकवणारा माणूस आजही स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसलेला असतो, आणि त्याला त्यासाठी मोबदला किंवा पुरेसे प्रशिक्षण मिळत नाही.

पैशांचा प्रश्न हजेरीशी बांधलेला आहे. पेनसिल्वेनियात मुलाचा मूळ शाळा-जिल्हा ऑनलाइन चार्टर शाळेला रक्कम देतो आणि ती वर्षानुवर्षे त्या जिल्ह्याच्या स्वतःच्या दरडोई खर्चावरून ठरत आली. परिणामी एकाच शाळेतल्या, एकच धडा शिकणाऱ्या दोन मुलांमागे वेगवेगळे पैसे मिळत. २०२४ मध्ये गव्हर्नर जॉश शपिरो यांनी सर्वांसाठी ८,००० डॉलरचा एकच दर सुचवला होता. इमारतीतल्या शाळेत मूल बाकावर दिसते. घरी बसलेले मूल शिकते आहे हे मानायचे कशावरून, याचे उत्तर ओहायोत फार महागात पडले. इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो या तिथल्या मोठ्या ऑनलाइन शाळेने २०१५-१६ साली पंधरा हजारांवर पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे अनुदान घेतले होते. लॉग-इनच्या व कामाच्या नोंदी तपासल्यावर राज्याला त्यातील निम्म्याहून कमी संख्येचाच आधार सापडला. सुमारे सहा कोटी डॉलर परत मागितले गेले, जानेवारी २०१८ मध्ये शाळा वर्षाच्या मध्यावर बंद पडली आणि सुमारे बारा हजार मुलांना दुसरी शाळा शोधावी लागली. त्याच वर्षी ओहायोच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची मोजणीची पद्धत वैध ठरवली. शिकण्याचे तास मोजणे राज्याच्या दृष्टीने रास्तच आहे. पण पहिलीच्या मुलाने ठोकळ्यांनी मांडलेली बेरीज लॉग-इनच्या नोंदीत उमटत नाही, म्हणून अशा तपासणीचा भार शेवटी पालकाने ठेवलेल्या नोंदींवर येतो.

परिणामांबाबतचा सर्वाधिक चर्चिला गेलेला अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातील क्रेडो या केंद्राने २०१५ मध्ये प्रसिद्ध केला. ऑनलाइन चार्टर शाळांतील मुलांची प्रगती त्यांच्याशी मिळत्याजुळत्या पार्श्वभूमीच्या नेहमीच्या शाळेतील मुलांपेक्षा वाचनात ७२ दिवसांच्या आणि गणितात १८० दिवसांच्या शिक्षणाइतकी कमी आढळली. अमेरिकेतील शाळेचे वर्षच साधारण १८० दिवसांचे असते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे गांभीर्य कळते. त्याच प्रकल्पातील मॅथेमॅटिका या संस्थेच्या अहवालानुसार, अशा शाळेतील मुलाला आठवड्यात मिळणारे शिक्षकाचे थेट अध्यापन नेहमीच्या शाळेत एका दिवसात मिळते त्याहून कमी होते. मात्र राज्याच्या परीक्षा तिसरीपासून सुरू होत असल्याने, किंडरगार्टन व पहिलीतल्या मुलांविषयी हे आकडे थेट काही सांगत नाहीत. शिवाय इथे येणारी अनेक मुले आधीच्या शाळेत आजार, दादागिरी किंवा सततची बदली यांनी मागे पडलेली असतात, आणि असा सगळा पूर्वेतिहास कोणत्याही तुलनेत पुरता बसवणे कठीण असते. तीव्र ॲलर्जी किंवा दीर्घ उपचार चालू असलेले मूल, दर दोन-तीन वर्षांनी गाव बदलणाऱ्या सैनिकाचे मूल, दूरच्या वस्तीवरचे मूल यांना या शाळेने दिलेले सातत्य मोलाचे असते. खेळगड्यांची उणीव मात्र खरी आहे. तिच्यासाठी शाळा सहली भरवतात आणि पालक ग्रंथालयात किंवा मैदानावर एकत्र जमण्याचे वार ठरवतात.

करोनाच्या साथीत पेनसिल्वेनियातील ऑनलाइन चार्टर शाळांची पटसंख्या २०१९-२० मधील सुमारे ३८ हजारांवरून पुढच्या वर्षी साठ हजारांवर गेली. त्या काळात जगभर मुले पडद्यासमोर बसली, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकच समजल्या जातात. साथीतले वर्ग तातडीने पडद्यावर आणलेले होते आणि त्यांत शेजारी बसणाऱ्या मोठ्या माणसासाठी काही लिहिलेले नसे. या शाळांचा प्राथमिक अभ्यासक्रम त्या माणसासाठीच लिहिलेला असतो. महाराष्ट्रात त्याच वर्षी ‘शाळा बंद पण शिक्षण सुरू’ या मोहिमेच्या काळात सह्याद्री वाहिनीवरून पहिली ते आठवीसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका दाखवली गेली. बालभारतीच्या पाठांवर आधारलेली ही मालिका मुलांनी पालकांसोबत घरातल्या वस्तूंनी करायच्या कृतींवर उभी होती. कल्पनेच्या दृष्टीने ती या पद्धतीच्या सर्वांत जवळची मराठी गोष्ट म्हणता येईल.

महाराष्ट्रात पहिलीच्या मुलासाठी अशी सरकारी ऑनलाइन शाळा नाही. पुण्या-मुंबईत गृहशिक्षण करणारी कुटुंबे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाचा, किंवा २०१७ पासून राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाचा आधार घेतात. राज्याचे मंडळ पाचवी व आठवीच्या पातळीवर परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते, पण रोज मुलाचे वाचन ऐकणारा शिक्षक देत नाही. दिल्ली सरकारने २०२२ मध्ये सुरू केलेली आभासी शाळाही नववीपासून पुढची आहे. अमेरिकेतील मराठी कुटुंबांना मात्र तिथल्या ऑनलाइन सार्वजनिक शाळा इतर रहिवाशांप्रमाणेच खुल्या असतात. सार्वजनिक शाळेत मुलाचा प्रवेश पालकांच्या व्हिसावर अवलंबून नसतो. अट राज्याच्या रहिवासाची असते, आणि त्यामुळे काही वर्षांसाठी भारतात परतणाऱ्या कुटुंबाला तीच शाळा इथून चालू ठेवता येत नाही.